ओपीडीतून धोरणाकडे: सोलापूरच्या डॉक्टरांचे आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. गेली काही वर्षं आम्ही आठ-दहा डॉक्टर आणि मेडिकलची काही मुलंमुली महिन्यातल्या एका रविवारी तिथे बसतो. ओपीडीत जे पुन्हा पुन्हा दिसतं त्याचं करायचं काय, जायचं कुणाकडे, अर्ज लिहायचा कसा, एवढाच विषय असतो. नवीन येणारे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

रुग्ण तपासणं हे आमचं काम. धोरणाचं ओझं आमच्या डोक्यावर कशाला?

एका पावसाळ्यात एकाच गल्लीतले तीन जण तापाने फणफणत माझ्याकडे आले. तिघांचाही डेंग्यू. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप ओतून घासून घ्या. तिसऱ्या घरच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "पिंप ओतलं तर प्यायला काय घेऊ, बाई?"

संध्याकाळी दवाखाना बंद करून त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दाराशी दोन निळी पिंपं, मोरीत हंडे-कळश्या एकावर एक. नळाला पाणी पाच दिवसांनी आलं होतं. ते आलं की आहे त्याच पाण्यात भर घालून पिंप काठोकाठ भरायचं, तळाचं जुनं पाणी तसंच राहायचं. मोबाईलचा टॉर्च मारला तर अळ्या वळवळताना दिसल्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून नवा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्या पिंपाचा तळ महिनोन्‌महिने कोरडा झाला नव्हता. त्या घरात निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. उजनी धरणातून पाणी किती येतं, शहरातल्या टाक्यांत ते किती साठतं, कुठल्या भागाला किती दिवसांआड सोडतात, आजाराचं मूळ तिथे होतं. पॅरासिटामॉल मी देऊ शकते, प्लेटलेट मोजून आणायला सांगू शकते. पाण्याचं वेळापत्रक महापालिकेत ठरतं. तेव्हा माझ्या रुग्णासाठी मला तिथेही जावं लागतं.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरने नागरिक म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांवर लोकांना सल्ला द्यावा, असं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, पण त्याच ऑगस्टमध्ये ते स्थगित केले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू केले.

मग हे राजकारण झालं नाही का?

पक्षाचं नाही. आमच्यात वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे लोक आहेत आणि रविवारच्या बैठकीत तो विषय निघत नाही. निवडणुकीच्या काळात कुठल्याही उमेदवाराच्या व्यासपीठावर जायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. निवेदन मात्र आम्ही सगळ्यांना देतो, निवडून आलेल्यांना आणि पडलेल्यांनाही.

आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी कधी काही बदललं आहे का?

बदललं आहे, आणि त्याचा पल्ला जगापर्यंत गेला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला माहीत असेल. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्याआधी खेड्यात कॅन्सर किती, कुठला, किती बायका कुठल्या टप्प्याला येतात, हे सांगायला भरवशाची नोंदच नव्हती. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, गावात जाऊन लोकांना लक्षणं समजावून सांगायची आणि रुग्ण शोधायचे, ही तिथल्या माणसांची रीत.

त्याच पायावर १९९९ मध्ये शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, एकदाच केलेली तपासणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली, आणि अशा शिफारशीला जो पुरावा लागतो त्यात आपल्या भागातल्या या स्त्रियांचा मोठा वाटा आहे.

या अभ्यासावर टीकाही झाली. तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती आणि ते नीतीला धरून होतं का, असा प्रश्न विचारला गेला. मला तो प्रश्न रास्त वाटतो, आणि नवीन मुलांना मी अभ्यासाबरोबर तो वादही वाचायला सांगते.

माझी खरी खंत मात्र वेगळी आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या कर्करोगासाठी व्हीआयए, म्हणजे व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी आहे. बार्शीच्या आसपास सिद्ध झालेली एचपीव्ही चाचणी बार्शीच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी, ही मागणी इथल्या डॉक्टरांनी नाही करायची तर कुणी करायची?

निवेदन घेऊन जायचं कुणाकडे? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथला अधिकारी म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, डीएचओ. ग्रामीण रुग्णालयं आणि पंढरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. या दोघांच्या वर पुण्याला आरोग्य उपसंचालक बसतात, कारण पुणे, सातारा आणि सोलापूर हे एकच आरोग्य मंडळ आहे. शहरातली नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांची. आणि आपण ज्याला नुसतं 'सिव्हिल' म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय १९६३ पासूनच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. म्हणून ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं आणि तिथे अधिष्ठात्यांचा शब्द चालतो. दोन विभाग, दोन मंत्री, दोन तिजोऱ्या.

याचा फटका रुग्णाला कसा बसतो ते पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलं. निर्णय चांगलाच होता. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात धरली नव्हती. म्हणजे अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात ज्या बाईकडून एक पैसा घ्यायचा नाही, तिला अवघड ऑपरेशन म्हणून शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं की पावती फाडण्याच्या खिडकीपुढे उभं राहायचं. आजार जितका गंभीर, तितका खर्च तिच्या माथी. ही तक्रार डीएचओंकडे नेऊन उपयोग नाही आणि शल्यचिकित्सकांकडे नेऊनही नाही. ती वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांकडे, आणि आमदारांमार्फत सभागृहातच जायला हवी.

लोकप्रतिनिधींचीही अशीच गल्लत होते. जिल्ह्यात तालुके अकरा आणि विधानसभेचे मतदारसंघही अकरा, पण लोकसभेला जिल्हा तीन जागी विभागला आहे. बार्शी तालुका सोलापुरात, पण त्याचा खासदार धाराशिवचा. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढा मतदारसंघात. बार्शीतल्या एका तरुण डॉक्टरने मोठ्या कष्टाने तयार केलेलं निवेदन सोलापूरच्या खासदारांच्या कार्यालयात दिलं आणि तीन महिने उत्तराची वाट पाहिली.

निवेदनात लिहायचं काय?

एक पान, एक मागणी. 'आरोग्यव्यवस्था सक्षम करावी' असं लिहिलं तर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा, 'अमुक केंद्रात जून ते ऑगस्ट या काळात कुत्रा चावलेले इतके रुग्ण आले, त्यांतल्या इतक्यांना लस नाही म्हणून पुढे पाठवलं, त्यांतले इतके पुढे पोचलेच नाहीत. दरमहा किमान इतका साठा ठेवावा.' याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. शेवटी तुमचं नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख.

आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख. कारकुनाने "साहेबांना सांगतो, ठेवून जा" म्हटलं तरी हसून थांबायचं. तो आवक क्रमांक नसेल तर पुढच्या महिन्यात तुमचं निवेदन कुठे अडकलं ते कुणालाच सांगता येत नाही.

आमदारांना भेटायचं तर अधिवेशनाच्या बरंच आधी भेटा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्नही येतात, पण तो आगाऊ सूचना देऊन मांडायचा असतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी आम्ही दिवाळीच्या सुमाराला स्वीय सहाय्यकांच्या हातात प्रश्न तयारच करून देतो. आयता, नेमका प्रश्न मिळाला तर बहुतेक आमदार तो घेतात, असा माझा अनुभव आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तोही वापरा.

आकडे आणायचे कुठून?

पहिला स्रोत तुमची स्वतःची वही. बाहेरून आणायला लावलेली औषधं, पुढे पाठवलेले रुग्ण, परत आलेले रुग्ण, रोज पाच ओळी. तीन महिन्यांत जे हाती येतं त्याने तुम्हीच चकित व्हाल.

दुसरा, माहितीचा अधिकार. आपल्या राज्यात अर्जाला १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'औषधांचा तुटवडा का आहे' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक औषधाच्या साठा नोंदवहीची अमुक महिन्यांची प्रत द्यावी' असं मागा.

रुग्णाचा फोटो किंवा व्हिडिओ वापरला तर चालेल का?

नाही. जमिनीवर गादी टाकून झोपवलेल्या बाईचा फोटो दोन तासांत गावभर फिरतो आणि तिची सून तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहते. नाव, चेहरा, गाव, केसपेपरचा क्रमांक, काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. स्वतःची गोष्ट सांगायची ज्यांची इच्छा असते त्या स्वतः येऊन सांगतात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या अटींवर.

मी सरकारी नोकरीत आहे. बोलल्यावर कारवाई होईल?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला त्यात बंधन आहे. वर्तमानपत्रात स्वतःच्या नावाने पत्र लिहू नका. पण वरिष्ठांना लेखी कळवणं, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मुद्दा मांडून तो इतिवृत्तात घ्यायला लावणं, मागणीपत्रात खरी गरज भरणं, हे तुमच्या कामाचाच भाग आहे. मागच्या वर्षी जेवढं मिळालं तेवढंच पुन्हा मागायची सवय मोडली तरी पुष्कळ होईल. बाहेर बोलायला आम्ही खासगी दवाखानेवाले आहोत.

आम्ही अजून विद्यार्थी. सरांचा राग ओढवला तर इंटर्नल्सचं, म्हणजे त्यांच्या हातातल्या अंतर्गत गुणांचं काय?

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी इंटर्न असताना, सोलापूरच्या बाहेर, वॉर्डातलं सक्शन मशीन महिनाभर बंद होतं. रात्री एका रुग्णाच्या वेळी ते नसल्याने आमची फार धावाधाव झाली. सकाळी मी रागाच्या भरात एकटीच्या सहीने थेट वरपर्यंत पत्र लिहिलं. मशीन दुरुस्त झालं, पण विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर मला झाडलं आणि पुढे कित्येक महिने मी तोंड उघडलं नाही. आज वाटतं, पत्र बरोबर होतं, वाट चुकली. आधी विभागात लेखी द्यायला हवं होतं, सिस्टरांच्या नोंदवहीचा आधार घ्यायला हवा होता आणि सह्या दहा हव्या होत्या.

तुमच्यासाठी आता अभ्यासक्रमातच वाट आहे. कुटुंब दत्तक उपक्रमात तुम्ही पहिल्या वर्षापासून गावातल्या घरांत जाता. पीजींना, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, तीन महिने जिल्ह्यात काम करावं लागतं. त्या काळात दिसलेलं पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या सरांना विचारून छोट्या अभ्यासाच्या रूपात मांडा. आकड्यांसह लिहिलेल्या अभ्यासावर रागावणं कुणालाही अवघड जातं.

तंबाखूविरुद्ध बोलायचं, पण माझ्या पेशंटचं घर बिडीवर चालतं. काय करू?

सोलापुरात हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका मांडीवर सूप घेऊन दिवस काढतात. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळकटी, दोरा, टोक दाबायचं. हजार बिड्या वळायच्या म्हणजे हे हजार वेळा. तपासायला हात पुढे केला की बोटांच्या टोकांना पिवळट रंग आणि साडीला तो वास. मान आखडलेली, खोकला कायमचा, हिमोग्लोबिन खाली. शेजारी झोळीत बाळ. "तंबाखू वाईट" हे तिला मी सांगायची गरज नाही, ती तो रोज श्वासातून घेते.

आमच्यात यावर खूप भांडणं झाली. एकाचं म्हणणं, बिडीवर बोलूच नका, लोकांच्या पोटावर पाय येईल. दुसरा म्हणायचा, तोंडाचे कॅन्सर मी रोज पाहतो, गप्प कसा बसू? शेवटी एकमत झालं ते यावर की दोन्ही मागण्या एकाच कागदावर हव्यात. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात १७ वं कलम तंबाखू कामगारांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे आणि १८ वं या कामातल्या माणसांच्या आरोग्याबद्दल. सरकारने किंमत वाढवावी, बिडी सोडायला मदत करणारं केंद्र प्रत्येक तालुक्यात द्यावं, आणि त्याच वेळी वळणाऱ्या बाईला दुसरं काम, दुसरं कौशल्य, वर्षातून एक नीट तपासणी द्यावी.

हे तातडीने मागायला कारण आहे. १९७६ पासून बिडीवर एक उपकर होता आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरं यांना पैसा मिळे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. बिडीवरचा कर आजही गोळा होतो, पण कल्याणासाठी राखलेला तो वेगळा झरा आटला. बिडी कामगारांच्या संघटनांशी बोलल्याशिवाय या विषयावर एकही ओळ लिहू नका. दोन डोळे तपासणी शिबिरं घेऊन आपल्याला त्यांचं आयुष्य कळलं असं होत नाही.

संप करावा का?

निवासी डॉक्टरांना मी दोष देत नाही. सलग छत्तीस तास उभं राहून काम केलेल्या मुलाला संयमाचे धडे द्यायचा अधिकार मला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या डॉक्टर मुलीची हत्या झाली तेव्हा रस्त्यावर उतरणं भागच होतं. पण मंगळवेढ्याहून पहाटेची एसटी पकडून आलेला म्हातारा बंद ओपीडीच्या पायरीवर बसलेला मी पाहिला आहे, आणि त्याला मागण्यांची यादी माहीत नव्हती. म्हणून कॅज्युअल्टी, बाळंतपण, अतिदक्षता चालू ठेवूनच. आणि त्याआधी लेखी पाठपुराव्याचा गठ्ठा हातात हवा. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र गुन्हा, मोडतोडीची दुप्पट भरपाई. तो लावला जातो का, किती खटले उभे राहिले, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

डॉक्टर शेवटी स्वतःच्याच फायद्याचं मागतात, असं लोक म्हणतात.

अनेकदा खरं आहे. २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. तातडीच्या उपचारांचे पैसे सरकार कधी आणि कसे देणार, ही त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती, पण लोकांच्या लक्षात राहिले ते बंद दरवाजे. उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि त्यासाठी स्त्री संघटनांबरोबर उभे राहिलेल्यांत डॉक्टरही होते. आपल्याच व्यवसायातल्या कमाईविरुद्ध ते बोलत होते. आमच्या बैठकीत प्रत्येक मागणीला एक प्रश्न विचारतो, यातून रुग्णाच्या खिशातले पैसे कमी जातील की जास्त? जास्त जाणार असतील तर ती मागणी डॉक्टरांच्या संघटनेने करावी, आम्ही करत नाही.

आशाताई आणि सिस्टरांना सोबत घ्यायचं का?

त्यांच्याशिवाय करूच नका. कुठल्या वाडीला गाडी जात नाही, हे आशाताईंना माहीत असतं.

भाषेचं काय? मला तेलुगू येत नाही.

दोन शब्दांनी सुरुवात करा. पूर्व भागात तेलुगूत "नोप्पी एक्कड?" आणि अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नडमध्ये "नोवु एल्ली?" असं विचारलं, दुखतं कुठे, की माणूस खुर्चीत सैलावून बसतो. रुग्णांच्या हक्कांचा फलक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावावा, ही आमची एक मागणी आहेच.

यासाठी सगळं सोडावं लागतं का? आणि किती वर्षं?

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी मुलांना मी आवर्जून नेते. पण तेवढा त्याग आम्ही कुणाकडे मागत नाही. महिन्याचे चार तास आणि एक वही पुरते.

वेळ मात्र लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये आला आणि देशभर आशांमार्फत ती पद्धत सुरू झाली २०११ मध्ये. बारा वर्षं, तेही पुरावा हातात असताना. उलट कधी आपल्याला लवकरही मिळतं. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते ती योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं.

आमच्या गावचं उपकेंद्र बहुतेक वेळा बंद असतं. उद्या सकाळी मी नेमकं काय करू?

एक वही घ्या. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा सकाळी दहाला, दाराला कुलूप आहे की नाही ते लिहा, तारीख घाला. गावातली दोन माणसं सोबत घ्या म्हणजे एक दिवसही चुकणार नाही. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या वाडीवर गेल्या असतील तर तेही लिहा, त्यांच्यावर अन्याय नको. कदाचित दोन गावांना मिळून एकच सिस्टर असेल आणि खरी मागणी रिक्त पद भरण्याची असेल. तीस दिवस झाले की त्या पानांच्या प्रती काढून ग्रामसभेत ठराव घ्या, आणि तो ठराव व प्रती घेऊन जिल्हा परिषदेत डीएचओंच्या कार्यालयात जा. पोच घ्या. मग पुढच्या रविवारी वही घेऊन आमच्याकडे या.